चेहऱ्यासाठी कॅमेरा घेताना आधी खोली मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांच्या खरेदी पुरवण्यांत कॅमेऱ्यांचे तक्ते येऊ लागतात. मेगापिक्सेल किती, व्हिडिओ फोर-के आहे का, फोकस पॉइंट किती, सोबत बॅग आणि मेमरी कार्ड मोफत मिळते का, एवढे रकाने भरले की तक्ता संपतो. लेन्सच्या नावापुढे ‘१८-५५’ (मिमी; आकडा वाढतो तसा चौकटीत येणारा भाग लहान होतो) एवढेच असते. घरात कॅमेरा येतो तो मात्र बहुतेक वेळा माणसांचे फोटो काढायला. बारसे, मुंज, साखरपुडा, आजी-आजोबांचा एखादा नीट काढलेला फोटो. चेहऱ्याचा फोटो कसा येईल हे ज्यावर ठरते ते त्या तक्त्यात कुठेच सापडत नाही. आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी प्रत्येक बॉडीसोबत (लेन्सविना नुसत्या कॅमेऱ्यासोबत) पोर्ट्रेटसाठी, म्हणजे चेहऱ्याच्या फोटोसाठी, परवडणारी एक लेन्स आणि ती वापरायला किती फूट जागा लागते, हे दोन रकाने वाढवावेत, ही विनंती. ती का, ते सविस्तर लिहितो.

फोटोत चेहऱ्याची ठेवण कशी दिसेल हे अंतर ठरवते, लेन्स नाही. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण बारा सेंटिमीटर मागे असतात. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर धरला तर कान ५२ सेंटिमीटरवर जातात, म्हणजे कानांच्या मानाने नाक तीस टक्के मोठे उमटते. तोच कॅमेरा दोन मीटरवर नेला की फरक सहा टक्क्यांवर येतो आणि डोळ्याला तो जाणवत नाही. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात साधारण फुल फ्रेमवरच्या, म्हणजे फोटो टिपणारी चिप (सेन्सर) मोठी असलेल्या कॅमेऱ्यावरच्या, २४ मिमी लेन्सइतका रुंद भाग दिसतो. त्यात फक्त डोके-खांदे भरायचे तर मोबाइल चाळीस सेंटिमीटरवर न्यावाच लागतो. ‘माझे नाक फोटोत मोठे येते’ ही तक्रार तिथली आहे. मागची भिंत सॉफ्टवेअरने धूसर केल्याने नाकाचे प्रमाण बदलत नाही, उलट गजऱ्याची पाकळी, झुमक्याची कडी, मोकळे केस अशा बारीक कडा त्यात खाल्ल्या जातात. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५) १८ मिमीवर ठेवून जवळ जाणाऱ्याचेही हेच होते, कारण तिथेही तेवढ्याच चौकटीसाठी अंतर ४६ सेंटिमीटरवर येते.

म्हणून पोर्ट्रेटची लेन्स निवडताना विचारायचा प्रश्न असा: चेहऱ्यापासून दीड-दोन मीटर लांब उभे राहून हवी ती चौकट कोणत्या लेन्सने भरेल? उत्तर सेन्सरच्या आकारावर अवलंबून आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा असतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत क्रॉप सेन्सर, म्हणजे त्याहून लहान सेन्सर, असतो. निकॉन, सोनी, फुजीचा साधारण २३.५ बाय १५.६ मिमी आणि कॅननचा त्याहून किंचित लहान. फुल फ्रेमवर ८५ मिमीची लेन्स जी चौकट देते ती क्रॉप सेन्सरवर ५० ते ५६ मिमीमध्ये मिळते. ‘पोर्ट्रेट म्हणजे ८५’ हे वाक्य फुल फ्रेमचे आहे. ते तसेच उचलून क्रॉप बॉडीवर ८५ लावली की पंचाईत सुरू होते.

पंचाईत जागेची. आपल्याकडचा हॉल दहा बाय बाराचा, म्हणजे साधारण तीन मीटर बाय साडेतीन मीटर. कॅमेरा उभा धरून माणूस पायापासून डोक्यापर्यंत, थोडी मोकळी जागा सोडून घ्यायचा तर दोन मीटर उंचीची चौकट लागते. क्रॉप बॉडीवर ८५ मिमीने त्यासाठी सव्वासात मीटर मागे जावे लागेल. त्या हॉलमधून निघून शेजाऱ्यांच्या दारात उभे राहिले तरी ते जमेल असे नाही. ५० मिमीने सव्वाचार मीटर लागतात, ३५ मिमीने तीन. फक्त डोके-खांदे घ्यायचे असतील, म्हणजे चौकट साठ सेंटिमीटरची, तर ८५ ला दोन मीटरहून थोडे जास्त, ५० ला एक मीटर तीस सेंटिमीटर आणि ३५ ला जेमतेम नव्वद सेंटिमीटर. या शेवटच्या अंतरावर नाक पुन्हा डोके वर काढू लागते.

आता हे आकडे खोलीत बसवून पाहा. माणूस भिंतीपासून एक मीटर पुढे बसवला, कॅमेरा त्याच्यापासून दोन मीटरवर ठेवला, तर साडेतीन मीटरच्या खोलीत फोटो काढणाऱ्याच्या पाठीला अर्धा मीटर उरतो. दोन मीटरवरून ५० मिमी क्रॉप बॉडीवर ९४ सेंटिमीटरची चौकट देते, म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत. घरात काढलेल्या बैठ्या फोटोला हीच चौकट लागते. माझे मत स्पष्ट आहे. क्रॉप बॉडीवर पहिली प्राइम (झूम न होणारी) लेन्स ५० मिमी एफ १.८ घ्यावी; एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे. घरातच जास्त फोटो होणार असतील, आणि कडेवरच्या बाळासकट आई किंवा सोफ्यावर बसलेली तिघे घ्यायची असतील, तर दुसरी ३५ मिमी. ८५ ही बागेत, वाड्याच्या अंगणात, गच्चीवर, जिथे मागे सरकायला जागा आहे तिथली लेन्स आहे. फुल फ्रेमवाल्यांनी ८५ एफ १.८ जरूर घ्यावी, पण फ्लॅटमध्ये त्यांनाही ५० लागतेच.

झूम की प्राइम, या प्रश्नाचे उत्तर उजेडात आहे. किट लेन्स ५५ मिमीवर नेली की तिचे छिद्र जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंत उघडते. एफ १.८ त्याच्या साडेनऊपट उजेड आत घेते. रात्री घरातल्या दिव्यांत १/१२५ सेकंद उघडणाऱ्या शटरला एफ १.८ वर जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १२५० पुरतो, तिथे किट लेन्सला १२,००० लागतो, आणि मग गालांवर रांगोळीसारखे दाणे येतात. म्हणून किट लेन्स टाकाऊ ठरते असे नाही. दिवसा, खिडकीजवळ, ५५ मिमीवर, दीड मीटर अंतरावरून आणि मागची भिंत तीन-चार मीटर लांब ठेवून तिने उत्तम चेहरे टिपता येतात. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी नवी लेन्स येईपर्यंत ती १८ वर न वापरता ५५ वर वापरावी, एवढ्यानेही फोटो सुधारतो. दुकानदार मात्र ‘डबल झूम किट’ पुढे करतात, त्यात ५५-२५० किंवा ७०-३०० अशी दुसरी लेन्स असते. ती पक्ष्यांना, मैदानावरच्या खेळांना ठीक आहे. घरातल्या माणसांसाठी ते पैसे ५० एफ १.८ ला द्यावेत.

चेहऱ्यासाठी वेगळी लेन्स लागते हे काही आजचे खूळ नाही. छायाचित्रणाचा शोध जाहीर झाल्यावर वर्षभरातच, १८४० साली, व्हिएन्नातले गणितज्ञ जोसेफ पेट्झवाल यांनी गणिताने आखून पोर्ट्रेटची लेन्स तयार केली. आधीच्या लेन्सपेक्षा ती कितीतरी पट जास्त उजेड घेई आणि समोरच्याला मिनिटेच्या मिनिटे निश्चल बसावे लागे ते संपले. तेव्हाही सुधारणा बॉडीत झाली नव्हती, लेन्समध्ये झाली होती.

मोठ्या छिद्राची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ती घ्यायला सांगणे बरोबर नाही. एफ १.८ वर फोकसचा पट्टा किती अरुंद असतो याचा अंदाज दुकानात येत नाही. क्रॉप बॉडी, ५० मिमी, एफ १.८, अंतर दीड मीटर: पुढून मागे मिळून साडेसहा सेंटिमीटर एवढाच भाग स्पष्ट येतो. फुल फ्रेमवर ८५ एफ १.८ दोन मीटरवरून धरली तर सहा सेंटिमीटर. ८५ एफ १.४ दीड मीटरवरून, फक्त अडीच. डोळ्यावर फोकस बसवला की यातला साधारण अर्धा भाग डोळ्याच्या पुढे आणि अर्धा मागे जातो, म्हणजे पुढे तीन सेंटिमीटर. नाकाचा शेंडा डोळ्यापुढे तीन-चार सेंटिमीटरवर असतो.

नवरीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. नथ नाकपुडीच्याही बाहेर येऊन ओठावर झुकलेली असते, मोत्यांचा झुबका चेहऱ्याच्या सगळ्यात पुढे. एफ १.८ वर डोळे अगदी स्वच्छ आले तरी नथीचे मोती पिठूळ गोळे होतात. कॅमेऱ्याने चकाकणारी नथ पकडली तर उलटे घडते, मोती एकेक मोजता येतात आणि पापण्या विरघळतात. मुंडावळ्यांच्या सरी गालांवर लोंबत असतात तेव्हा फोकस त्यांच्यावर अडकण्याची शक्यता आणखी वाढते. अशा वेळी छिद्र एफ ४ वर आणावे. ५० मिमीला दीड मीटरवर चौदा सेंटिमीटरचा पट्टा मिळतो, नथीपासून कानातल्या कुड्यांपर्यंत सगळे त्यात बसते. मागचे धूसर हवेच असेल तर छिद्र न उघडता नवरीलाच भिंतीपासून तीन मीटर पुढे आणावे. माणूस भिंतीला टेकून उभा असेल तर एफ १.४ नेही भिंत धूसर होत नाही, आणि तो भिंतीपासून सुटला की एफ ४ लाही होते. नवरा-नवरी शेजारी उभे राहिले तर दोन चेहरे एका रेषेत क्वचितच असतात, तिथेही एफ ४. तीन ओळींच्या घरच्या ग्रुप फोटोला एफ ८. एफ १.८ राखून ठेवावे ते एकट्या चेहऱ्याला, कमी उजेडात आणि समोरचा स्थिर बसणार असेल तेव्हा.

या अरुंद पट्ट्यामुळेच बॉडी निवडताना मेगापिक्सेलपेक्षा फोकस पाहायला हवा. २४ मेगापिक्सेलचा फोटो सहा हजार बाय चार हजार ठिपक्यांचा असतो आणि अल्बमचा १२ बाय १८ इंची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायला साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात. आजची जवळजवळ प्रत्येक बॉडी तेवढे देते. फोकसची गोष्ट वेगळी. कॅननच्या १५००डी सारख्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) नऊ फोकस पॉइंट असतात आणि तेही चौकटीच्या मधल्या भागात. म्हणून बरेच जण मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस लावतात, बटण अर्धे दाबून धरतात आणि कॅमेरा फिरवून चौकट जुळवतात. कॅमेरा आठ अंश जरी फिरला तरी दीड मीटरवर फोकसची पातळी डोळ्याच्या दीड सेंटिमीटर मागे जाते. हाताशी तीनच सेंटिमीटर असताना निम्मे तिथे गेले, उरलेले समोरचा माणूस श्वास घेताना पुढे-मागे होतो त्यात जातात. फोटो मोठा करून पाहिला की डोळे मऊ आणि कानाजवळचे केस लख्ख. लोक मग लेन्सला दोष देतात. डीएसएलआर असेल तर डोळ्याच्या सर्वांत जवळचा एकच पॉइंट स्वतः निवडावा, मग तो कडेचा का असेना, आणि कॅमेरा फिरवू नये.

मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात हा प्रश्न मुळातून सुटतो. त्यात फोकस सेन्सरवरच मोजला जातो, चौकटीच्या जवळजवळ कुठल्याही भागात डोळा ओळखला जातो आणि माणूस हलला तरी फोकस डोळ्याला धरून राहतो. नवीच बॉडी घ्यायची असेल तर आज डीएसएलआर घेण्याचे कारण मला दिसत नाही. कॅनन आर५० (२०२३) किंवा आर१० (२०२२), निकॉन झेड५० मार्क २ (२०२४), थोडा जुना पण अजून भक्कम सोनी ए६४०० (२०१९), यांपैकी कोणताही घरगुती पोर्ट्रेटला पुरून उरतो. सोनीचा झेडव्ही-ई१० स्वस्त पडतो म्हणून सुचवला जातो, पण तो व्हिडिओसाठी बनवलेला आहे आणि त्याला डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर नाही. उन्हात मागच्या पडद्यावर चेहरा दिसत नाही तेव्हा ती उणीव भोवते. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनसाठी जादा पैसे मोजण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की ते आपल्या हाताचा कंप थांबवते, समोरच्याचे हलणे थांबवत नाही. शांत बसलेल्या मोठ्या माणसाला १/१२५, बोलणाऱ्या-हसणाऱ्याला १/२००, आणि लहान मुलाला १/५०० तरी शटर ठेवावेच लागते.

फुल फ्रेम घ्यावा का? व्यवसाय करायचा असेल, रात्रीच्या कार्यालयांत रोज काम असेल, तर घ्यावा. घरच्यासाठी नाही. पार्श्वभूमीच्या धूसरपणाच्या हिशेबात क्रॉपवरची ५६ एफ १.२ आणि फुल फ्रेमवरची ८५ एफ १.८ जवळपास सारख्याच.

आता माऊंटचे (बॉडीवर लेन्स बसते त्या जोडाचे) सापळे, कारण सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. निकॉनच्या डी३५००, डी५६०० या डीएसएलआर बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. सेकंडहँड बाजारात ‘५० मिमी १.८ डी’ स्वस्तात मिळते, बॉडीवर बसतेही, पण ऑटोफोकस होत नाही. हाताने फोकस फिरवावा लागतो आणि एफ १.८ वर तो डोळ्याने अचूक बसत नाही. त्या बॉडींना नावात ‘एएफ-एस’ असलेली ५० मिमी १.८ जी घ्यावी. निकॉनच्या झेड मिररलेसवर एफटीझेड अडॅप्टर (डीएसएलआरच्या लेन्स बसवायचा निकॉनचा जोड) लावूनही ही ‘डी’ लेन्स ऑटोफोकस करत नाही. कॅननमध्ये जुनी ईएफ लेन्स अडॅप्टरने नव्या आरएफ बॉडीवर व्यवस्थित चालते, उलट मात्र होत नाही. ईएफ ५० एफ १.८ चे दोन प्रकार बाजारात फिरतात. जुन्या ‘मार्क २’ मध्ये छिद्राला पाच पाती असतात आणि पार्श्वभूमीतले दिवे पंचकोनी दिसतात. २०१५ च्या ‘एसटीएम’ मध्ये सात पाती आहेत, फोकस शांत आहे आणि ती ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळचे पकडते. दोन-तीनशे रुपये वाचवायला जुनी घेऊ नये. सोनीच्या क्रॉप बॉडीसाठी ५० मिमी एफ १.८ घेताना नावात ‘ओएसएस’ आहे ना ते पाहावे, त्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे आणि ए६४०० च्या बॉडीत ते नाही. सिग्माची ५६ मिमी एफ १.४ ही क्रॉप सेन्सरवरची फार चांगली पोर्ट्रेट लेन्स आहे, पण ती प्रत्येक माऊंटसाठी वेगळी येते. कॅनन आरएफसाठी सिग्मा-टॅमरॉनच्या क्रॉप लेन्सचा मार्ग २०२४ मध्येच मोकळा झाला, त्यामुळे बॉडीचे नाव सांगून, शक्य असेल तर बॉडी सोबत नेऊनच लेन्स घ्यावी.

फ्लॅशबाबत एक गोष्ट ठळक छापण्यासारखी आहे. आपल्याकडे खूप खपलेल्या कॅनन २००डी मार्क २ च्या हॉट शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधला संपर्कबिंदू नाही. साधा मॅन्युअल फ्लॅश किंवा स्वस्त ट्रिगर त्या मधल्याच बिंदूवरून चालतो, म्हणून तो या बॉडीवर पेटतच नाही. गिऱ्हाईक फ्लॅश खराब समजून परत करते, दुसरा आणते, तोही पेटत नाही. या बॉडीला कॅननच्या इतर संपर्कबिंदूंवर चालणारा, ईटीटीएल (फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवण्याची कॅननची पद्धत) जमणारा फ्लॅश किंवा ट्रिगरच घ्यावा आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच पेटवून पाहावा. फ्लॅश चेहऱ्यावर सरळ मारू नये. डोके वर वळवून पांढऱ्या छतावर मारावा. छत किंवा भिंत हिरवी-गुलाबी असेल तर तोच रंग गालांवर उतरतो, तिथे खिडकीचा उजेड बरा. खिडकीपासून तीन फुटांवर माणूस तिरका बसवावा, अंधाऱ्या बाजूला दोन-तीन फुटांवर पांढरी चादर किंवा फोमबोर्ड उभा करावा. याला खर्च काहीच नाही.

उन्हात याच्या उलटी अडचण येते. रखरखीत दुपारी आयएसओ १०० ला एफ १.८ वर शटर जवळपास १/८००० लागते, आणि १५००डी सारख्या बॉडीचे शटर १/४००० ला थांबते. फोटो पांढराफटक येतो. एफ २.८ करावे, माणसाला झाडाच्या सावलीत घ्यावे किंवा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावावा. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात, त्यामुळे सावलीच चांगली.

रंगाबद्दल थोडक्यात. हळदीच्या कार्यक्रमात पिवळे कपडे, पिवळी सजावट, पिवळे गाल अशी चौकट पाहून ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सेटिंग) पिवळेपणा कापायला जातो आणि कातडी निळसर-निस्तेज होते. मांडवात दिवसाउजेड असेल तर व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’ला बांधून ठेवावा आणि रॉ फाइल (रंग नंतर सुधारता येतो अशी मूळ फाइल) काढावी. पांढरा फेटा किंवा पांढरी भिंत चौकटीत जास्त असेल तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक चेहरा काळवंडवतो, एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे. मागे काळा पडदा असेल तर तेवढेच कमी करावे, नाहीतर कपाळ आणि गालांचे उंचवटे फुटतात. घरातल्या एलईडी दिव्यांत फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून १/१०० किंवा १/५० ठेवावे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यात दिव्यांच्या लुकलुकीची सेटिंग ६० हर्ट्झवर असते का तेही पाहावे.

पैशांची वाटणी कशी करावी, हे किमती सतत बदलत असल्यामुळे हिश्श्यांत सांगतो. शंभर रुपये असतील तर पन्नास बॉडीला, पंचवीस लेन्सला, पंधरा फ्लॅशला, उरलेले दुसरी बॅटरी, कार्ड आणि लेन्स ठेवायच्या हवाबंद डब्याला. बॉडीला ऐंशी घालून किट लेन्सवर थांबणे हा सर्वांत वाईट हिशेब. खरेदी पक्क्या बिलाने करावी. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तो वाचवण्यासाठी बिनबिलाचा, ग्रे मार्केटचा माल घेतला तर भारतातली वॉरंटी मिळत नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात घ्या की आपल्या गावात, वॉरंटी कार्डावरचा आणि बॉडीखालचा सीरियल नंबर जुळवून पाहावा.

दुकानात लेन्स तपासायला आपले वर्तमानपत्र पुरते. पान भिंतीवर सपाट चिकटवावे, कॅमेरा त्याच्या बरोबर समोर, समांतर धरून एफ ४ ला फोटो काढावा आणि मोठा करून चारही कोपरे पाहावेत. तीन कोपऱ्यांत अक्षरे स्वच्छ आणि चौथ्यात फुटलेली असतील तर आतली काच तिरकी बसलेली आहे, लेन्स बदलून मागावी. मग तेच पान टेबलावर पसरून साधारण पंचेचाळीस अंशांतून, एफ १.८ वर, मधल्या एका ओळीवर फोकस लावावा. डीएसएलआरमध्ये एकदा व्ह्यूफाइंडरने आणि एकदा लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर पाहून) काढावा. लाइव्ह व्ह्यूमध्ये ती ओळ स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरने वरची किंवा खालची ओळ स्पष्ट आली, तर बॉडी आणि लेन्सचे जुळत नाही. हा फरक दुरुस्त करायची सेटिंग १५००डी, डी५६०० अशा सुरुवातीच्या बॉडींत नसते, म्हणून तिथेच दुसरी प्रत मागून घ्यावी.

सेकंडहँड घेताना लेन्सची दोन्ही झाकणे काढून, छिद्र पूर्ण उघडून, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारावा आणि पुढून पाहावे. धुळीचे दोन-चार कण चालतात, त्यांनी फोटोत काही दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू किंवा कडेने पसरलेली पांढरी नक्षी दिसली तर ती बुरशी. पाऊस सरला तरी ती वाढतच राहते आणि काचेवरचा लेप खाते. आत दुधी धुरकटपणा दिसला तर उजेडासमोर काढलेला प्रत्येक फोटो फिका येणार. पात्यांवर तेलाची चमक असेल तर छिद्र अडकून फोटो कमी-जास्त उजळ येतात. बॉडीचा शटर काउंट विचारावा. निकॉन डी३५०० सारख्या बॉडीचे शटर एक लाख क्लिकसाठी तपासलेले असते, सत्तर-ऐंशी हजार झालेली बॉडी त्या हिशेबानेच किंमत करून घ्यावी. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोकस सोडून एक फोटो काढला की सेन्सरवरचे डाग दिसतात.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर लेन्स कपाटातल्या चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत ठेवू नये, बुरशी तिथेच धरते. रबराची कडा असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलची पुडी आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरेसा आहे. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवावा. पंचावन्नच्या वर जाऊ लागला की जेल कढईत मंद आचेवर, दाण्यांचा मूळ रंग परत येईपर्यंत परतून, पूर्ण गार करून पुन्हा ठेवावे. ती कढई स्वयंपाकाला वापरू नये. फार कोरडेही करू नये, तीसच्या खाली गेल्यास रबर आणि वंगण सुकते. लेन्स महिना-महिना बंद न ठेवता आठवड्यातून एकदा बाहेर काढून उजेडात फोकस-रिंग फिरवावी. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या दमट हवेत कॅमेरा उघडू नये, बंद पिशवीत वीस मिनिटे ठेवला की काचेवर बाष्प धरत नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक व पोर्ट्रेट छायाचित्रकार, कोल्हापूर